रिसीव्हरला पॉवर ॲम्पची जोड : कुठे गरज, कुठे नुसता खर्च

होम थिएटर जमवणाऱ्याच्या मनात एक प्रश्न उशिरा का होईना, येतोच. रिसीव्हर आहे, पाच-सात स्पीकर आहेत, सबवूफर आहे, सगळं व्यवस्थित चालू आहे. पण वेगळा पॉवर ॲम्प्लिफायर जोडला तर आवाज आणखी खुलेल का? विकणारा म्हणतो, जमीन-अस्मानाचा फरक पडेल. मोजमापं घेणारा म्हणतो, कानाला काही कळणार नाही. दोघंही प्रामाणिक असू शकतात, कारण दोघांच्या डोळ्यांसमोरचं घर वेगळं असतं. स्पीकर कोणते, बसण्याची जागा किती लांब आणि आवाज किती मोठा ठेवायची सवय आहे, या तीन गोष्टी माहीत असल्या की उत्तर बऱ्यापैकी कागदावरच निघतं. आपल्याकडच्या बहुतेक हॉलमध्ये ते 'नको' असं येतं. काही घरांत मात्र ते इतकं स्पष्ट 'हवाच' येतं की तिथे महागड्या केबली बदलत बसण्यात वर्षं घालवणं हे पैशाचं आणि आनंदाचं नुकसान आहे.

मुळात एव्ही रिसीव्हर ही एका पेटीत कोंबलेली चार-पाच यंत्रं. चित्राची अदलाबदल करणारा एचडीएमआयचा भाग, डॉल्बी-डीटीएस उलगडणारा भाग, खोलीप्रमाणे आवाज सुधारणारा ऑडिसी, डिराक किंवा वायपीएओसारखा भाग, व्हॉल्यूम सांभाळणारा प्री-ॲम्प, आणि शेवटी स्पीकरला प्रत्यक्ष वीज पुरवणारे पॉवर ॲम्प. १९८७च्या डॉल्बी प्रो लॉजिकच्या काळात चार वाहिन्यांचा हिशोब होता. १९९५मध्ये लेझरडिस्कवर डॉल्बी डिजिटल आलं आणि ५.१ रूढ झालं. २०१४मध्ये ॲटमॉस घरात शिरलं, तेव्हापासून छताचे स्पीकर धरून नऊ-अकरा वाहिन्या सर्रास झाल्या. पेटीचा आकार मात्र तेवढाच राहिला, कारण टीव्हीखालचं कपाट तेवढंच असतं. एकाच टाकीवर नळ वाढत गेले, टाकी वाढली नाही. ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटर ही रिसीव्हरमधली सगळ्यात जड अंगं, महागही. आणि खरेदीच्या वेळी गिऱ्हाईक त्यांच्याकडे बघत नाही, एचडीएमआयची भोकं मोजतो.

खोक्यावरच्या वॅटच्या आकड्याबद्दल इथेच बोललं पाहिजे. एकच रिसीव्हर एका कागदावर १०५ वॅटचा आणि दुसऱ्या कागदावर दीडशेच्या पुढचा असतो, आणि दोन्ही आकडे खोटे नसतात. पहिला असतो ८ ओहमच्या भारावर, २० हर्ट्‌झ ते २० किलोहर्ट्‌झ या सगळ्या पट्ट्यात, ०.०५ किंवा ०.०८ टक्के विकृतीला, दोन वाहिन्या एकदम चालवून. दुसरा असतो ६ ओहमवर, फक्त १ किलोहर्ट्‌झच्या एका सुरावर, १ किंवा चक्क १० टक्के विकृतीला, एकच वाहिनी चालवून. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने या गोंधळाला लगाम घालायला १९७४ मध्ये नियम केला होता. २०२४मध्ये तो सुधारून ८ ओहम, २० ते २०,००० हर्ट्‌झ आणि १ टक्क्याच्या आतली विकृती या अटी पक्क्या केल्या. आपल्याकडे खरेदी करताना पहिला आकडा शोधावा. तो माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात असतो.

सगळ्या वाहिन्या एकदम चालवल्या तर हा १०५चा आकडा घसरतो, पाच-सात वाहिन्यांवर कधी निम्म्याच्याही खाली जातो. यावरून 'रिसीव्हरचे वॅट फसवे' असा निष्कर्ष काढला जातो, तो अर्धाच बरोबर आहे. सिनेमात सगळे स्पीकर एकाच क्षणी पूर्ण ताकदीने गरजत नाहीत, आणि सरासरी पातळी शिखरापेक्षा दहा ते वीस डेसिबल खाली असते. मागच्या पाटीवरचा वीजवापराचा आकडा घेऊन त्याला वाहिन्यांनी भागणारेही पुष्कळ भेटतात. तो आकडा ठरावीक नियमाने, मर्यादित ताकदीवर मोजलेला असतो. त्यावरून कमाल ताकद निघत नाही. त्यापेक्षा पेटीचं वजन जास्त खरं बोलतं.

आता हिशोब. स्पीकरची संवेदनशीलता म्हणजे एका वॅटला एका मीटरवर तो किती डेसिबल आवाज देतो ते. समजा ८८ डेसिबलचा, ८ ओहमचा स्पीकर आहे आणि सोफा तीन मीटरवर. अंतरामुळे साडेनऊ डेसिबल गळतात, खोलीच्या भिंती त्यातले अंदाजे तीन परत देतात. म्हणजे सोफ्यावर ७५ डेसिबल, घरातले बाकीचे 'आवाज कमी करा' म्हणू लागतील इतका आवाज, सरासरीने पाव वॅटपेक्षाही कमी ताकदीत मिळतो. त्यावर अचानक वीस डेसिबलचा धमाका आला तर शंभरपट ताकद लागते, साधारण २२ वॅट. हे कुठलाही बरा रिसीव्हर सहज देतो.

थिएटरमध्ये ज्या पातळीवर सिनेमाचं मिश्रण होतं तिला रेफरन्स म्हणतात. तिथे प्रत्येक मुख्य वाहिनीचं शिखर १०५ डेसिबलपर्यंत जातं. कॅलिब्रेट केलेल्या रिसीव्हरवर व्हॉल्यूमचा शून्य म्हणजे हीच पातळी. वरच्याच स्पीकरवर, त्याच सोफ्यावर, व्हॉल्यूम उणे १० ठेवला तर शिखराला २२ वॅट लागतात. उणे ५वर ७० वॅट. शून्यावर सव्वादोनशे. दर तीन डेसिबलला ताकद दुप्पट आणि दर दहाला दहापट, हे एवढं लक्षात ठेवलं की बाकी सगळं त्यातून येतं. कानाला आवाज 'दुप्पट' वाटायला साधारण दहा डेसिबल लागतात, म्हणून १०० वॅटच्या जागी २०० वॅटचा ॲम्प लावल्याने मिळणारे तीन डेसिबल ही फार मोठी गोष्ट नाही. ज्याला खरोखर फरक हवा त्याने १०० वरून ४००-५०० वर जावं. १२० किंवा १४० वॅटच्या ॲम्पवर पैसे घालणं मला कधीच पटलेलं नाही.

तोच हिशोब वेगळ्या घरात करून बघा. स्पीकर ८४ डेसिबलचा, बसण्याची जागा चार मीटरवर. उणे १०च्या व्हॉल्यूमलाच शंभर वॅट लागतात आणि रेफरन्सला हजार. त्यातून स्पीकर ४ ओहमचा असेल तर आणखी एक खाच आहे. माहितीपत्रकात संवेदनशीलता बहुतेक वेळा २.८३ व्होल्टला दिलेली असते. ८ ओहमला हे व्होल्टेज म्हणजे एक वॅट, ४ ओहमला दोन वॅट. म्हणजे कागदावर ८८ दिसणारा ४ ओहमचा स्पीकर प्रत्यक्षात वॅटमागे ८५चा असतो. अमेरिकेतल्या मिनेसोटातली मॅग्नेपॅन कंपनी १९६९पासून पातळ पडद्यासारखे सपाट स्पीकर बनवते. ते ४ ओहमचे आणि सुमारे ८६ डेसिबलचे. असे स्पीकर रिसीव्हरवर लावले की आवाज येतो, पण जीव येत नाही, आणि पेटी तापत राहते. उलट क्लिप्शच्या हेरसीसारखे हॉर्नचे स्पीकर ९९ डेसिबलचे असतात. त्यांना वेगळा पॉवर ॲम्प लावून ताकदीच्या बाबतीत काहीच मिळत नाही. जास्त गेनचा, म्हणजे आलेलं व्होल्टेज जास्त पटीने वाढवणारा ॲम्प असेल तर शांत प्रसंगात सुसकारा मात्र ऐकू येऊ लागतो.

ओहमचा छापील आकडा हाही सरासरीच. आठ ओहम म्हणून विकलेला टॉवर स्पीकर शंभर-दीडशे हर्ट्‌झच्या आसपास साडेतीन ओहमपर्यंत उतरू शकतो, आणि त्याच पट्ट्यात व्होल्टेज आणि करंट यांच्या फेजमध्ये अंतर पडलं तर ॲम्पच्या ट्रान्झिस्टरवर दुप्पट ताण येतो. रिसीव्हर इथे थकतो. वॅट संपत नाहीत, करंट संपतो. पुष्कळ रिसीव्हरमध्ये '४ ओहम' किंवा '६ ओहम' असं सेटिंग असतं, आणि भला माणूस स्पीकर बघून ते लावतो. ते लावल्यावर आतलं व्होल्टेज खाली येतं, म्हणजे उष्णता आटोक्यात राहते आणि ताकदही घटते. सुरक्षेच्या चाचणीत पास होण्यासाठी ठेवलेली ती सोय आहे. हवेशीर जागेत, माफक आवाजात ऐकणाऱ्याने ८ ओहमवर ठेवलं तरी सहसा चालतं, पण निर्मात्याच्या पुस्तिकेत काय म्हटलंय ते आधी वाचावं.

मग 'ॲम्प बदलला आणि आवाजच बदलला' हे अनुभव कुठून येतात? या वादाला चाळीस वर्षांचा इतिहास आहे. १९८५मध्ये बॉब कार्व्हर या अमेरिकी अभियंत्याने 'स्टिरिओफाइल' मासिकाला आव्हान दिलं, की तुमच्या आवडीच्या महागड्या व्हॅल्व्ह ॲम्पसारखाच आवाज मी माझ्या स्वस्त ट्रान्झिस्टर ॲम्पमधून काढून दाखवतो. हॉटेलच्या खोलीत बसून त्याने दोन्ही ॲम्पच्या आउटपुटमधला फरक शून्याजवळ येईपर्यंत आपल्या ॲम्पचं मंडल बदललं, आणि ऐकणाऱ्या समीक्षकांना तेव्हा फरक सांगता आला नाही. १९८७च्या जानेवारीत 'स्टिरिओ रिव्ह्यू'ने आंधळ्या चाचणीचा वृत्तांत छापला. त्यातही स्वस्त रिसीव्हरपासून महागड्या ॲम्पपर्यंतचे फरक श्रोत्यांना नशिबापेक्षा जास्त वेळा ओळखता आले नाहीत. अट एवढीच, की दोन्हींचा आवाज नेमका सारखा ठेवायचा आणि कुणालाही क्लिपिंगपर्यंत न्यायचं नाही.

हीच अट सगळ्या वादाची किल्ली आहे. अर्धा डेसिबल जास्त आवाज कानाला 'मोठा' वाटत नाही, 'मोकळा' आणि 'स्पष्ट' वाटतो. नवा ॲम्प जोडून लगेच ऐकणाऱ्या माणसाचे पुढचे स्पीकर तीन-चार डेसिबल वर गेलेले असतात, कारण दोन्हींचा गेन वेगळा. त्याला जे ऐकू येतं ते खरंच ऐकू येतं. कारण मात्र वेगळं असतं. पण ज्याचा जुना रिसीव्हर धमाक्याच्या क्षणी क्लिप होत होता त्याचा अनुभव पूर्ण खरा आहे. क्लिपिंग म्हणजे ॲम्पची कमाल मर्यादा आली की लाटेचं टोक कापलं जाणं. आवाज कर्कश, दाबलेला होतो, गोंगाटात संवाद हरवतात. हे थांबलं तर चांगला कान नसलेल्यालाही समजतं. म्हणून 'सगळे ॲम्प सारखेच' हे वाक्य मला अपुरं वाटतं. मर्यादेच्या आत सगळे चांगले ॲम्प सारखे. मर्यादा कुठे आहे यातच त्यांच्यातला फरक आहे.

आपण त्या मर्यादेच्या किती जवळ आहोत हे घरबसल्या मोजता येतं, साध्या मल्टीमीटरने. आपल्याला पेलवेल तितक्या मोठ्या आवाजात आवडीचा दणदणीत प्रसंग लावा आणि व्हॉल्यूमचा आकडा लिहून ठेवा. मग रिसीव्हर बंद करून पुढच्या दोन्ही स्पीकरच्या वायरी रिसीव्हरच्या मागून सोडवा. पेन ड्राइव्हवर २०० हर्ट्‌झचा, उणे १२ डेसिबल पातळीचा सलग सूर घ्या; तो मोफत सॉफ्टवेअरमध्ये मिनिटात तयार होतो. तोच व्हॉल्यूम ठेवून तो वाजवा आणि डाव्या स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टीमीटर एसी व्होल्टवर लावा. जो आकडा येईल त्याला चारने गुणा, कारण बारा डेसिबल म्हणजे व्होल्टेजची चौपट. मल्टीमीटरने २ व्होल्ट दाखवले तर डिजिटल कमाल पातळीला ८ व्होल्ट. ८ ओहमवर फक्त ८ वॅट. ५ व्होल्ट दाखवले तर २० व्होल्ट, म्हणजे ५० वॅट. ७ दाखवले तर ९८ वॅट, आणि तुम्ही शंभर वॅटच्या रिसीव्हरच्या अगदी काठावर आहात. ४ ओहमच्या स्पीकरला हे वॅट दुप्पट धरायचे. मी ज्यांना हे करायला सांगितलं त्यातल्या बहुतेकांना आकडा बघून धक्का बसला, इतका तो लहान होता. प्रोब लावताना दोन्ही टर्मिनल एकमेकांना चिकटणार नाहीत एवढी काळजी घ्यायची.

ताकद कमी पडतेच असं निघालं तरी ॲम्पच्या आधी एक स्वस्त उपाय आहे. सगळे स्पीकर सेटिंगमध्ये 'स्मॉल' करून ८० हर्ट्‌झला क्रॉसओव्हर लावायचा. त्याखालचं सगळं सबवूफरकडे जातं आणि सबवूफरला स्वतःचा ॲम्प असतोच. सिनेमात सगळ्यात जास्त वीज खाणारा भाग तोच, आणि बहुतेक स्पीकरांचा ओहम घसरण्याचा एक पट्टाही तिथेच जवळ असतो. मोठे टॉवर घेतलेल्या माणसाला ते 'स्मॉल' म्हणवून घेणं जिवावर येतं, पण ते करून बघावं. शिवाय खोली सुधारणारं सॉफ्टवेअर एखादा खड्डा भरायला सहा डेसिबलची वाढ देत असेल तर त्या पट्ट्यात ताकद चौपट लागते; सोफा अर्धा मीटर पुढे-मागे केल्याने तो खड्डा फुकटात भरून निघू शकतो. उणे १०च्या आत ऐकणाऱ्या, बारा बाय सोळाच्या हॉलमधल्या घराला मी तरी दुसरा सबवूफर आधी सुचवेन. अशा खोलीचं आकारमान १,८०० घनफुटांच्या आसपास येतं. टीएचएक्सचा सिलेक्ट हा खालचा दर्जासुद्धा २,००० घनफुटांची खोली आणि दहा-बारा फुटांचं अंतर धरून आखलेला आहे.

रिसीव्हर सिनेमाच्या मध्येच 'प्रोटेक्ट' दाखवून बंद पडतो, ही तक्रार घेऊन पुष्कळ जण थेट ॲम्प घ्यायला निघतात. आधी मागे वाकून वायरी बघाव्यात. तांब्याचा एखादा केसासारखा तंतू शेजारच्या टर्मिनलला टेकलेला असला तरी हेच होतं. मग पेटीवरची हवा. बंद काचेच्या कपाटात, सेट-टॉप बॉक्स डोक्यावर घेऊन बसलेला रिसीव्हर मे महिन्यात तापणारच. वर चार-सहा इंच मोकळी जागा दिली की अर्ध्या तक्रारी मिटतात.

हे सगळं करूनही काही घरं उरतात, आणि त्यांच्यासाठी मी ठामपणे वेगळा ॲम्प सांगेन. कमी संवेदनशीलतेचे ४ ओहमचे स्पीकर. पंधरा फुटांपलीकडे बसण्याची जागा. रेफरन्सच्या जवळ ऐकण्याची खरी सवय, नुसती इच्छा नव्हे. आणि चौथं कारण, जे आजकाल सगळ्यात वाजवी आहे : वाहिन्याच कमी पडणं. डेनॉनच्या एव्हीआर-एक्स३७००एचमध्ये नऊ ॲम्प आहेत, पण तो अकरा वाहिन्या उलगडतो. एक्स३८००एचचंही तसंच. ७.१.४ ॲटमॉस हवं असेल तर अशा पेटीला दोन वाहिन्यांचा छोटा ॲम्प जोडल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. वाढीव ॲम्प पुढच्या डाव्या-उजव्या स्पीकरला द्यावा आणि रिसीव्हरमधले मोकळे झालेले छताला लावावेत. सगळ्यात जड भार पेटीबाहेर जातो आणि उरलेल्यांना पुरवठा मोकळा मिळतो. पैसे असतील तर तीन वाहिन्यांचा घ्यावा, कारण सिनेमाचे संवाद मधल्या स्पीकरमधून येतात. रिसीव्हरच्याच दोन वाहिन्या एका स्पीकरला जोडणारं 'बाय-ॲम्प' सेटिंग मात्र विसरून जावं. पुरवठा तोच, व्होल्टेजची मर्यादा तीच. त्यातून काही हाती लागत नाही.

घेण्याआधी रिसीव्हरच्या पाठीवर 'प्री-आउट' लिहिलेली आरसीएची भोकं आहेत का ते बघायचं. स्वस्त मॉडेलांत फक्त सबवूफरचं असतं, आणि मग हा सगळा विषयच संपतो. असतील तर त्यातून स्वच्छ व्होल्टेज किती मिळतं हा खरा प्रश्न. २९ डेसिबल गेन असलेला ॲम्प, जे टीएचएक्सचं प्रमाण आहे, १.४ व्होल्टला ८ ओहमवर २०० वॅट देतो. एवढं बहुतेक बरे रिसीव्हर देतात. २६ डेसिबल गेनच्या ॲम्पला तेवढ्याच वॅटसाठी २ व्होल्ट लागतात, आणि काही आधुनिक मॉड्यूलना त्याहून जास्त. तिथे रिसीव्हरचं प्री-आउटच आधी विकृत होऊ लागतं. एक गंमतीची अडचण अशी, की स्पीकर काढले तरी आतले ॲम्प चालूच राहतात, आणि ते आपल्या मर्यादेला पोचले की त्यांची विकृती प्री-आउटमध्येही डोकावू शकते. डेनॉन आणि मरांट्झ यांनी २०२०पासूनच्या काही मॉडेलांत आतले ॲम्प तोडण्याची सोय दिली आहे. आपल्या पेटीत ती असेल तर जरूर वापरावी.

ॲम्पचा प्रकार हा पूर्वी मोठा वाद होता, आता तितका नाही. क्लास एबीचा ॲम्प जड, तापणारा, नुसता चालू ठेवला तरी पन्नास-शंभर वॅट खाणारा. क्लास डी हलका, थंड, आणि वीजबिलाला सोयीचा. नेदरलँड्समधल्या हायपेक्सची आणि डेन्मार्कमधल्या प्युरिफायची मॉड्यूल, दोन्हींमागे ब्रुनो पुट्झेस या अभियंत्याचं काम आहे, मोजमापात आज बहुतेक जड ॲम्पना मागे टाकतात. मुंबईच्या दमट, बंद हॉलमध्ये मी डोळे झाकून क्लास डी घेईन. लग्नाच्या हॉलमध्ये किंवा मंडळाच्या मांडवात वापरतात तसले व्यावसायिक ॲम्पही स्वस्तात भरपूर ताकद देतात. क्राउनचा एक्सएलएस १५०२ आठ ओहमवर वाहिनीमागे ३०० वॅट देतो आणि त्याला आरसीएची भोकंही आहेत. त्यांचा पंखा मात्र दुकानात नाही, रात्रीच्या शांत घरात ऐकून बघावा. ज्या ॲम्पला फक्त एक्सएलआर इनपुट आहे त्याच्यासाठी आरसीए-एक्सएलआर केबल बनवून घ्यायची; पुण्यात तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला ती सहज होते. आतली तार दोन नंबरच्या पिनेला, जाळी एकला, आणि तीनला एकशी जोडून द्यायला सांगायचं.

दिवसा शास्त्रीय संगीत आणि रात्री सिनेमा असं ज्यांचं ऐकणं आहे, त्यांच्यासाठी आणखी एक वाट आहे : 'होम थिएटर बायपास' असलेला दोन वाहिन्यांचा इंटिग्रेटेड ॲम्प. रेकॉर्ड किंवा सीडी ऐकताना रिसीव्हर बंदच ठेवता येतो, सिनेमाच्या वेळी तोच ॲम्प पुढचे दोन स्पीकर सांभाळतो. माझ्या मते बऱ्याच मराठी घरांना नुसत्या पॉवर ॲम्पपेक्षा हे जास्त उपयोगी पडेल. बायपास नसलेला ॲम्प मात्र या कामाला घेऊ नये. त्याचा व्हॉल्यूम दर वेळी एकाच खुणेवर आणावा लागतो, आणि घरातल्या कुणी तो फिरवून ठेवला तर पुढचा सिनेमा पहिल्याच सेकंदाला स्पीकर फाडेल.

जोडल्यावर पहिला शत्रू म्हणजे घूंऽऽ असा सलग गुणगुणाट. रिसीव्हर बहुधा दोन पिनांचा, ॲम्प तीन पिनांचा, आणि सेट-टॉप बॉक्सला इमारतीच्या गच्चीवरून येणारी केबल, जिचं अर्थिंग वेगळ्याच ठिकाणी झालेलं. या दोन अर्थिंगमधल्या फरकाने तयार होणारा प्रवाह आरसीएच्या जाळीतून वाहतो आणि स्पीकरमधून ऐकू येतो. खात्री करायला टीव्हीची ती केबल सेट-टॉप बॉक्समधून उपटायची. गुणगुण थांबली तर त्या केबलवर आयसोलेटर लावायचा. ॲम्प आणि रिसीव्हर एकाच बोर्डवर घेतल्यानेही फरक पडतो. ॲम्पच्या प्लगची अर्थिंगची पिन कापणं किंवा ती टेपने झाकणं हा उपाय आपल्याकडे बिनदिक्कत सुचवला जातो. तो जिवावर बेतणारा आहे. पेटीच्या धातूला कधी फेज लागली तर हात लावणाऱ्याला वाचवायला तीच एक पिन असते.

विजेचा दर्जा हाही आपल्याकडे हिशोबात घ्यावा लागतो. जुन्या पद्धतीच्या ट्रान्सफॉर्मरच्या ॲम्पचं आतलं व्होल्टेज बाहेरच्याबरोबर उतरतं. गावाकडे संध्याकाळी २३० चे १९० झाले तर ताकद जवळपास एक तृतीयांशाने घटते. कानाला ते दीड-पावणेदोन डेसिबलच असतं, म्हणून त्यासाठी अवाढव्य स्टॅबिलायझर घेण्याची गरज नाही. चांगले स्विच-मोड पुरवठ्याचे ॲम्प हे चढ-उतार स्वतःच सांभाळतात. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर मात्र ट्रान्सफॉर्मरचे ॲम्प गुरगुरतात, त्यावर ते चालवू नयेत. मोठ्या टोरॉइडल ट्रान्सफॉर्मरचा ॲम्प चालू करताना क्षणभर इतका करंट ओढतो की ६ अँपिअरचा एमसीबी पडू शकतो, तेव्हा तो १६ अँपिअरच्या प्लगवर घ्यावा. अमेरिकेतून परतणारे आपले लोक तिथला ॲम्प सामानात आणतात. त्याला मागे ११५/२३० असा स्विच आहे का, हे तिथेच बघून घ्यावं. नसेल तर पेलणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागतो, आणि तो ॲम्पइतकाच जड असतो.

रोज दोन बटणं दाबायला नको असतील तर १२ व्होल्ट ट्रिगरची ३.५ मिलिमीटरची बारीक केबल दोन्ही पेट्यांमध्ये टाकायची, म्हणजे रिसीव्हर चालू झाला की ॲम्प आपोआप जागा होतो. त्यानंतर माइक लावून खोलीचं कॅलिब्रेशन पुन्हा पहिल्यापासून करायचं. पुढच्या वाहिन्यांची पातळी उणे १२ला अडकून बसली तर ॲम्पचा गेन जास्त आहे. ॲम्पवर बटण असेल तर ते खाली आणून पुन्हा मोजायचं.

वेगळ्या ॲम्पच्या बाजूने एक मुद्दा आवाजाशी संबंधित नाही, तरी मला तो महत्त्वाचा वाटतो. रिसीव्हर लवकर जुना होतो. एचडीएमआय १.४ गेलं, २.० आलं, मग २.१ आलं, आणि दर वेळी चांगले चालणारे रिसीव्हर माळ्यावर गेले. पॉवर ॲम्पला असलं काही नसतं. त्याच्यात एका बाजूने दोन व्होल्ट जातात आणि दुसऱ्या बाजूने चाळीस निघतात. १९९०च्या दशकातला चांगला ॲम्प आजही तेच काम करतो. म्हणूनच जुना घ्यायला हरकत नाही. घेताना काहीही न वाजवता स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टीमीटर डीसीवर लावायचा. पन्नास मिलिव्होल्टच्या खाली असेल तर ठीक, शेकड्यांत असेल तर सोडून द्यायचा. झाकण उघडून मोठे कपॅसिटर वर फुगलेले किंवा बुडाशी चिकट झालेले नाहीत ना ते बघायचं. वीस-पंचवीस वर्षांच्या ॲम्पचे कपॅसिटर बदलण्याचा खर्च किमतीत धरायचा. आणि विकणाऱ्याकडे तासभर बसून तो तापल्यावर दोन्ही वाहिन्या सारख्या वाजतात का, हे ऐकल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत.